सगळंच पोतं भिजलं

"वाटीत जमलं म्हनून घागरीत जमत नाई, बिनणी," असं सासूबाई मला म्हणाल्या तेव्हा मी नुसती मान हलवली आणि विसरून गेले. मी अमरावतीच्या कॉलेजातून गृहविज्ञान शिकून आलेली. प्रमाण सारखं ठेवलं की वाटी काय नि घागर काय, दोन्ही एकच, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. शिवाय मला घागरीशी कर्तव्यच नव्हतं. मला हवी होती एक वाटी, आणि तीही लखूसाठी.

लखू म्हणजे आमचा लखमीचंद. आजेसासऱ्यांचं नाव ठेवलेलं, चांगलं भारदस्त. पण नाव जेवढं वजनदार तेवढाच मुलगा हलका. दीड वर्षाचा झाला होता, तरी अंगणात वारा सुटला की मी त्याला उचलून घरात आणत असे. म्हशीचं दूध दिलं की उलटी, गाईचं दिलं की जुलाब, शेळीचं दिलं की दोन्ही. शेजारच्या तुळसाबाई दर आठवड्याला नवं जनावर सुचवायच्या.

"गाढवीचं पाहा नं एक डाव," त्या कुंपणावरून म्हणायच्या. "लेकराचा आवाज बी खुलते."

शेवटी वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला कुठल्याच जनावराचं दूध सोसत नाही, सोयाबीनचं दूध देऊन बघा. हे ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वाशीमजवळच्या आमच्या मालेगावात तेव्हा सोयाबीन कोणी पेरत नव्हतं. अकोल्याकडे कोणीकोणी प्रयोग म्हणून पेरलं होतं, त्यातलं एक पोतं यांनी खटपट करून मिळवलं आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणलं. दुसरं मिळायचं ते दिवाळीनंतर, नवा माल निघाल्यावर. म्हणजे मधले सगळे महिने लखूचं जेवण त्या एका पोत्यात होतं. मी ते कोठीत ठेवून वर उखळ पालथं घातलं.

सोयाबीन भिजवून, पाट्यावर वाटून, मलमलीतून गाळून, उकळून मी दूध केलं. लखूने एक घोट घेतला आणि माझ्या पदरावर परत दिला. त्याला वास आवडला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता. मग मी त्यात लिंबू पिळलं, दूध फाटलं, ते फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवला. तासाभरात पांढरी, लुसलुशीत वडी निघाली. मीठ-जिरं लावून एक तुकडा लखूच्या तोंडात घातला. त्याने तो खाल्ला. मी हातात फडकं घेऊन समोर बसले, तो परत येण्याची वाट बघत. दुपार गेली, संध्याकाळ झाली. तो तुकडा परत आला नाही.

एवढ्यावर गोष्ट थांबायला हरकत नव्हती. पण त्याच वेळी हे दाल मिलमधून जेवायला घरी आले.

यांचं नाव केशरीचंद. सासरे दुलीचंदजी किराण्याचं दुकान बघत आणि हे दाल मिल. यांनी ताटातली वडी उचलली, तुरीचा नमुना बघावा तशी दोन बोटांत दाबली, डोळे मिटून चावली.

"लखूची आई, हे काय आहे?"

"लखूचं आहे ते. सोयाबीनचं पनीर."

"दूध नाई यात?"

"थेंबभरही नाही."

यांनी डोळे उघडले. ती नजर मी ओळखते. लग्नानंतर तीनदा पाहिली होती, आणि तिन्ही वेळा घरात काहीतरी यंत्र आलं होतं. यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की परदेशात चीज करताना दूध जमवायला वासराच्या पोटातला काहीतरी पदार्थ घालतात. म्हणून आपले जैन लोक त्याला शिवत नाहीत.

"म्हंजे अख्ख्या समाजाचं चीज खायचं राहून गेलं," हे म्हणाले. "मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत."

"पण त्यांनी मागितलं कुठं?"

"मिळत नाई म्हनून मागत नाई. आपन काढू. वासराचं काई नाई, म्हशीचं काई नाई. अहिंसक चीज. मिलमध्ये जागा आहे, भट्टी आहे, चक्की आहे."

सासरे ओटीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "केसरी, या गावानं खरं पनीर पाह्यलं नाई. त्याले तू खोटं इकशीन?"

"खरं पाह्यलंच नाई बाबूजी, तं खोटं म्हनतीन कायले?"

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. व्यापारी माणूस, मुद्दा त्यांना पटला असावा. सासूबाई मात्र लखूच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "पहिले याचं पोट भरू द्या. मंग मुंबईचं पाहा."

मीही तेच म्हणाले. पोत्याला हात लावायचा नाही, ते लखूचं आहे. यांनी लगेच कबूल केलं. फक्त थोडं, अगदी थोडं घेतो, मिलमध्ये एकदा करून बघतो, म्हणाले. मी उखळ बाजूला केलं. पोतं न्यायला हमाल आला तेव्हा मी विचारलं, थोडंच हवं तर पोतं कशाला? तर म्हणे मिलमध्ये मोजून घेऊन बाकीचं परत पाठवतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लखूला कडेवर घेऊन मिलमध्ये गेले, बाकीचं परत का आलं नाही ते बघायला. मिलच्या हौदाशी पंजाबराव उभे होते. पंजाबराव मिलचे फिटर, मिस्त्री, भट्टीवाले, सगळं तेच. हौदात सोयाबीन फुगून काठाला टेकलं होतं.

"पंजाबराव, हे किती भिजवलंय?"

"सारंच."

"सारं म्हणजे?"

"सारं म्हंजे पोतंच्या पोतं, बाई. आता मिलमधी अर्धं पोतं कोन भिजवते? तुरीले पानी लावाचं तं साऱ्या मालाले लावा लागते. अर्धं वलं, अर्धं कोल्लं, असं काम म्या जिंदगीत केलं नाई."

हे मागून आले. हौदात हात घालून पाहिला. मग म्हणाले, "पंजाबराव, म्या 'थोडं' म्हनलो होतो."

"तुमी म्हनलेच होते मालक. पर एकच पोतं तं होतं. एका पोत्याहून थोडं काय असते?"

मिलच्या हिशेबाने तो माणूस बरोबर होता. रोज पन्नास पोती बघणाऱ्याला एक पोतं म्हणजे थोडंच. पण माझ्याकडे तेवढंच होतं. चैत्राचं ऊन, उद्या महावीर जयंती. हे भिजलेलं धान्य दुसऱ्या दिवशी आंबणार. वाळत घालावं तर वाळेपर्यंत मोड धरणार, आणि मोड आलेलं कडधान्य आमच्या घरात चालत नाही. दिवाळीपर्यंतचं लखूचं जेवण त्या हौदात बुडबुडे सोडत होतं.

"रडू नको," हे म्हणाले. "आज सारंच करून टाकू."

"सगळ्याचं पनीर? आणि ते टिकणार किती?"

"टिकाची गरजच नाई. उद्या जयंतीचं जेवन आहे. अंगुरीबाईंना सांगतो, भाजी आमच्याकडून. गावानं खाल्लं की नाव होईन. नाव झालं की अकोल्याहून पोतं काय, ट्रक येईन."

मला विचारायचं होतं की ट्रक येईपर्यंत लखू काय खाईल. पण हे सायकलवर बसून अंगुरीबाईंकडे गेलेही होते. अंगुरीबाई आमच्या महिला मंडळाच्या प्रमुख. जयंतीच्या जेवणाची चूल त्यांच्या शब्दावर पेटत असे. पंधरा मिनिटांत हे परत आले. अंगुरीबाईंनी कबूल केलं होतं, पण पनीर म्हणजे काय ते विचारलं होतं. यांनी सांगितलं होतं, दुधाशिवाय होणारा दुधाचा पदार्थ. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, उद्या पाहू.

आता काम सुरू झालं. पंजाबरावांनी ओलं सोयाबीन पिठाच्या चक्कीत घातलं. चक्की दोनदा गुरगुरली आणि बंद पडली. ओलं पीठ तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. दगड काढून खरवडले. मग वरून पाण्याची धार धरली तेव्हा खाली पांढरा काला पडू लागला. आमच्यात न गाळलेलं पाणी चालत नाही, तेव्हा सासूबाईंनी घरून निरोप पाठवून ते गाळून घ्यायला लावलं. एवढ्या पाण्याला घरचं गळणं कुठून पुरणार? चार बायका मांजरपाटाचं नवं ठाण उलगडून उभ्या राहिल्या. काला गाळून दूध ड्रममध्ये गेलं आणि चोथ्याचा डोंगर झाला. तो इंद्रभान गड्याने टोपल्यांनी आमच्या म्हशीपुढे नेऊन टाकला.

ड्रम भट्टीवर चढला. मी सांगितलं, मंद आच. पंजाबरावांनी भट्टीत तुरीचा कोंडा लोटला. दाल मिलच्या भट्टीला मंद हा प्रकारच ठाऊक नाही.

सोयाबीनचं दूध उकळायला लागलं की फेस येतो, हे मला माहीत होतं. माझ्या पातेल्यात बोटभर यायचा, मी फुंकर मारून खाली बसवायची. ड्रममध्ये तो हातभर आला, काठावर आला, थोडा वेळ विचार केल्यासारखा थांबला आणि मग ड्रमवरून उतरून चालू लागला. पंजाबराव फावडं घेऊन आडवे झाले. फेस फावड्याच्या दोन्ही बाजूंनी गेला. मिलच्या दारातून बाहेर पडला, उतार होता तसा रस्त्याला लागला आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने निघाला.

रिसोडची गाडी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून बघू लागला. त्याच्या मागे गाडी उतरली. बाजारात बातमी गेली की दुलीचंदशेठने साबणाचा कारखाना काढला. तुळसाबाई घमेलं घेऊन आल्या.

"द्या नं बाप्पा घमेलंभर. गोधड्या धुवाच्या हायेत."

"तुळसाबाई, हा साबण नाही. खायचा पदार्थ आहे."

तुळसाबाईंनी फेसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लेकराले हे खाऊ घालून राह्यली तू? म्हनूनच तं."

तेवढ्यात एकाने आपली सायकल त्यात धुवायला घेतली होती. सासरे दुकानातून आले, टोपी सरळ केली, रस्त्यावरचा फेस, गर्दी, सायकल सगळं नीट पाहिलं आणि यांना म्हणाले, "साबनच काढ. गिऱ्हाईक उभं आहे."

मला एकदम आठवलं. डाळ उतू जायला लागली की आपण चमचाभर तेल सोडतो. "तेल घाला," मी ओरडले. "पंजाबराव, गोडं तेल घाला त्याच्यात." पंजाबरावांनी शेंगदाण्याच्या तेलाचा गडवा ड्रमात रिकामा केला. फेस जागच्या जागी मान टाकून खाली बसला. गर्दी हळहळली. रिसोडची गाडी पुन्हा भरली. अर्धा ड्रम रस्त्यावर गेला होता, अर्धा उरला होता. मी उरलेल्याकडे बघितलं. अजूनही बरंच होतं.

आता ते फाडायचं. माझ्या पातेल्याला दोन लिंबं लागायची. अर्ध्या ड्रमाला लागणारी लिंबं मालेगावच्या बाजारात नव्हती, आणि वाशीमहून आणेपर्यंत दिवस मावळला असता. पण मी पाहिलं तर भिंतीशी दुधाचे मोठे कॅन ओळीने उभे होते.

"हे कशाला?"

"ताक," पंजाबराव अभिमानाने म्हणाले. "केनवडहून आनलं, माह्या सोयऱ्याच्या घरून. फुकट. ताकाचे पैशे कोन घेते? आंबट असं हाय का ड्रमचा ड्रम फाडून टाकीन."

"पण ताक घातलं तर लखूला चालणार नाही," मी म्हणाले.

"लखूपुरतं आधी काढून ठेवू," हे म्हणाले. "वाटीभर."

"वाटीभर आजचं होईल. उद्याचं?"

यांनी लखूकडे पाहिलं. पण मागे गाव होतं, उद्या जेवण होतं, भट्टी पेटलेली होती. यांनी कॅनला हात घातला. पंजाबरावांनी दुसरी कडी धरली. आणि मिलच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"केसरी. त्यात काय घालून राह्यला?"

"ताक, बाई." आईला हे बाईच म्हणत.

"तापवलेलं?"

"नाई."

"अन् ड्रममधी काय हाय?"

यांचा हात कॅनवरून निघाला. सोयाबीन हे दोन डाळींचं धान्य. आमच्यात डाळ-कडधान्य आणि न तापवलेलं दूध, दही, ताक यांची गाठ घालत नाहीत. त्याला द्विदल म्हणतात आणि ते खाणं वर्ज्य. घरात कढी करतानासुद्धा ताक आधी तापवायचं, मग बेसन लावायचं. लहान पोरींना हे माहीत असतं. आणि हे निघाले होते महावीर जयंतीच्या दिवशी सगळ्या समाजाला द्विदल वाढायला.

यांनी एक प्रयत्न केला. "बाई, ज्यातून तेल निघते त्याले द्विदल म्हनत नाई. शेंगदाना चालते नं दह्यात? सोयाबीनचं बी तेल निघते."

"मंग काढून दाखव घानीतून. पाहू दे मले."

यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांनी रिकामं पोतं उचलून झटकलं. "कोल्लं एक दाना नाई मालक. सारंच तं भिजवलं."

"तापवून घालतो मंग ताक," हे म्हणाले.

सासूबाईंनी विचार केला. तापवलेलं ताक चालत होतं, त्यांना ते नाकारता येईना. मी लखूला घेऊन ड्रमच्या बाजूला जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी लखूकडे पाहिलं.

"पोतं कोनासाठी आनलं होतं?"

"लखूसाठी."

"मंग ज्याच्यासाठी आनलं त्याच्याच पोटात जानार नाई, असं कायले करता? ताक नाई घालाचं. तापवून बी नाई."

ड्रम खदखदत होता. आणि तेव्हा सासरे खाकरले. गेली दोन वर्षं त्यांच्या गोदामात चिंच पडून होती. चुकीच्या वेळी घेतलेली, काळी पडलेली. तिचं नाव घरात काढायचं नाही असा अलिखित नियम होता.

"आंबटच पाह्यजे नं?" ते भिंतीकडे बघत म्हणाले. "माह्याकडे चिच हाय."

चिंच आली, भिजली, कोळून गाळून ड्रमात पडली. दूध फाटलं. खरंच फाटलं, माझ्या पातेल्यापेक्षा सुंदर, भरडीच्या कण्यांसारखं. फक्त रंग पांढरा राहिला नाही. गुळाच्या चहासारखा झाला. ताक वाया गेलं नाही. फेस बघायला आलेले जे लोक अजून रेंगाळत होते त्यांनी ते उन्हात उभं राहून पिऊन टाकलं आणि कारखाना चांगला आहे, असं म्हणून घरी गेले.

उरलं ते दाबणं. माझ्या फडक्याला वरवंटा पुरायचा. इथे मांजरपाटाची गाठोडी भरली होती. मिलच्या भिंतीपलीकडे सरकी काढायचं जिनिंग. कापसाचा हंगाम संपून गाठी बांधायचा प्रेस रिकामा पडला होता. पंजाबरावांनी परस्पर विचारून ठेवलं होतं.

"हळू दाबा हं," मी भिंतीवरून सांगितलं.

"बाई, हा प्रेस कापूस दाबते. कापसापरीस नरम काय असते? मी आपला एकच आटा देतो."

स्क्रू फिरवून दिलेल्या पहिल्या आट्याला पिवळं पाणी फवारून सासऱ्यांच्या टोपीवर उडालं. दुसरा आटा पंजाबरावांनी सवयीने दिला. तिसरा का दिला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. फडकी सोडली तेव्हा आत लाद्या होत्या. तपकिरी, गुळगुळीत, चौकोनी. एक हातातून निसटून फरशीवर पडली. फरशीचा टवका उडाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आणि पंजाबराव त्या लाद्या हातगाडीवर घालून जेवणाच्या मांडवात घेऊन गेले. मीही गेले, लखूला घेऊन. अंगुरीबाई चुलीपुढून उठल्या, पदर खोचला, एका लादीवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

"केसरीचंदजी, हे चिराचं का फोडाचं?"

"बाई, जरा कडक झालं."

"मले पंगत दिवस मावळाच्या आत उठवाची हाय. हे शिजाले लागलं तं पुढची जयंती येईन." त्यांनी मागे वळून आवाज दिला, "वालाची डाळ काढा वो."

हातगाडी परत निघाली. हे पुढे, मान खाली घालून. वाटेत दोघांनी विचारलं, साबण केवढ्याला वडी. घरी येऊन लाद्या ओसरीवर रचल्या तेव्हा हे खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "लखूची आई, म्या तुह्या पोराचं अन्न कापसाच्या प्रेसमधी घातलं."

मी रागावणार होते. दोन दिवस मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली कॉलेजात शिकलेली वाक्यं. पण तेवढ्यात माझं लक्ष गेलं. लखू ओसरीच्या कोपऱ्यात बसला होता. लादीचा फुटलेला कोपरा त्याने दोन्ही हातांत धरला होता आणि नव्या दातांनी तो कुरतडत होता. घशात अडकेल म्हणून मी धावत जाऊन तो काढून घेतला. त्याबरोबर लखूने जो सूर लावला तो ऐकून तुळसाबाई कुंपणाशी आल्या, सासूबाई देवघरातून बाहेर आल्या.

"काहून रडून राह्यला?" सासूबाईंनी विचारलं.

"खायला मागतोय," मी म्हणाले, आणि म्हणतानाच मला कळलं मी काय म्हणाले ते. आजवर हा मुलगा खायला लावलं म्हणून रडला होता. खायला काढून घेतलं म्हणून रडण्याची ही पहिली वेळ.

सासूबाई लादीजवळ बसल्या, नखाने खरवडून पाहिलं. "ओल नाई यात फारशी. किसून उन्हात घातलं तं सांडग्यावानी राहीन वर्षभर." आमच्या किसणीचे दात त्या लादीवर वाकले. तेव्हा पंजाबराव सुताराकडून रंधा घेऊन आले आणि ओसरीवर मांडी घालून त्यांनी लखूचं अन्न रंधलं. पातळ, तपकिरी, वळलेले ढलपे निघाले. चैत्राच्या उन्हात गच्चीवर लुगडी अंथरून ते वाळवले, डबे भरले. मूठभर ढलपे कोमट पाण्यात टाकले की मऊ होत, आणि चिंचेचा आंबटपणा त्यांत आधीच. लखूने ते भातात खाल्ले, वरणात खाल्ले, नुसते खाल्ले. काहीही परत आलं नाही. दिवाळीपर्यंत डबे पुरले, आणि दिवाळीला तुळसाबाईंनी त्याला उचलायला घेतलं आणि "बाप्पा" म्हणून पुन्हा खाली ठेवला.

पण त्याआधी चौमासा लागला. आठमीला आणि चौदशीला आमच्यात हिरवी भाजी नाही. घरोघर तीच डाळ, तेच बेसन. एका आठमीला सकाळी अंगुरीबाई दारात उभ्या.

"ते दगड हायेत का अजून?"

मी एक डबा दिला. पुढच्या चौदशीला त्यांनी चौघींना पाठवलं, त्या चौघींनी वाशीमच्या नणंदांना कळवलं. यांनी नवं सोयाबीन आलं तेव्हा जिनिंगवाल्यांशी प्रेसचा पक्का करार केला. तीन आटे, एक कमी नाही. दरवेळी सासऱ्यांची चिंच; ती संपली तेव्हा त्यांनी नवी घेतली, पहिल्यांदाच योग्य वेळी. पुड्यांवर यांनी 'अहिंसक चीज' छापून आणलं आहे. बायका दुकानात येऊन दगडवडी मागतात. मुंबई-कलकत्ता राहिलंच; पण मालेगाव, शिरपूर, वाशीम, रिसोड एवढं झालं. चोथा अजूनही म्हशीपुढे जातो. म्हैस आता दोन्ही वेळा बादली भरते. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पोरानं दुधाबिगरचा कारखाना काढला, अन् घरात दूध ठेवाले भांडं नाई."

सध्या मी अमरावतीला माहेरी आहे, दुसऱ्या बाळंतपणासाठी. लखू बरोबर आहे. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात डबा कुठे ठेवलाय ते त्याला कळलं आहे. त्याची मला आता काळजी नाही. पण वैशाखाचं ऊन आहे, तिकडे गच्चीवर ढलपे वाळत असतील, आणि आमच्या गावात वानरं फार. राखणीला गडी आहे, पण सासूबाईंचा गड्यावर विश्वास नाही. त्या डोक्यावर ओलं फडकं घेऊन, हातात काठी घेऊन दिवसभर वर बसतात. पत्रात विचारलं तर लिहवून पाठवतात की मी तर वाऱ्याला जाते.

तर तुम्ही त्या बाजूला कधी आलात, मालेगावच्या स्टँडवर उतरलात, तर आमच्या घरी जा. कोणालाही विचारा, साबणवाल्या शेठचं घर दाखवतील. जिना मागच्या बाजूला आहे. त्यांच्या ओच्यात दोन-चार ढलपे असतील आणि तोंड हलत असेल, तिकडे लक्ष देऊ नका; त्या कोणाला तसं कबूल करत नाहीत. फक्त त्या पाणी प्यायल्या का, तेवढं बघा, आणि नसतील तर समोर उभं राहून पाजा. पण दिवस मावळायच्या आत जा. मावळल्यावर त्या पाण्याचा थेंब घेणार नाहीत, मग तुम्ही कितीही सांगा.